बाईंनी न केलेली सही

डॉ. शरयू फणसळकर यांची आणि माझी पहिली भेट अठ्ठ्याण्णव साली, जून महिन्यात झाली. आमच्या रत्नागिरीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागे बारीक जाळी लावलेलं एक घर आहे. किडे आत येऊ नयेत म्हणून ती जाळी. त्या जाळीघराच्या दारात मी उभी होते. नुकतीच एम.एस्सी. झाले होते, पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत होते आणि जयगडहून सकाळच्या एसटीने आले होते. बाईंनी मला नाव विचारलं नाही, गुण विचारले नाहीत. दार अर्धवट उघडून त्या म्हणाल्या, "मिश्री लावतेस का गं?"

मला राग आला. जयगडच्या खलाशाची मुलगी म्हणजे मिश्री लावणारच, असं या रत्नागिरीकर बाईंना वाटलं की काय, असं मनात आलं. मी जरा ताठ्यातच "नाही" म्हटलं. तेवढ्यात मागून विभागाचे एक प्राध्यापक आले. त्यांनाही बाईंनी तोच प्रश्न विचारला, फक्त मिश्रीच्या जागी तंबाखू घातला. त्यांनी निमूटपणे दाराशेजारच्या नळावर साबणाने हात धुतले, मग तिथेच ठेवलेल्या वाडग्यातल्या दुधात बोटं बुडवली, पुन्हा पाण्याने धुतली आणि मगच ते आत गेले. तंबाखूच्या पानात असणारा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो, हाताला लागतो आणि त्या हाताने रोप हाताळलं की रोपाला होतो. दुधाने तो बराचसा निकामी होतो. हे सगळं बाईंनी मला नंतर सांगितलं. गावात मात्र एवढंच पसरलेलं होतं, की फणसळकर बाईंकडे दुधाने हात धुतात.

त्या दिवशी सुरू झालेला आमचा संबंध आजवर टिकला आहे. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहायला मला सांगितलं, तेव्हा संपादकांनी दोन पानं म्हटलं होतं. ती ओलांडली जाणार, हे आधीच सांगून ठेवते.

हा ग्रंथ वाचणाऱ्यांत बाईंचे विद्यार्थी आहेत तसे शेजारी आहेत, बागायतदार आहेत, त्यांचे यजमान ज्या बँकेत होते तिथले सहकारीही आहेत. म्हणून बाईंचं काम काय होतं ते आधी सोप्या शब्दांत सांगते. आपल्याकडे भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर चवळी पेरतात. त्या चवळीच्या पानांवर पुष्कळदा हिरव्या-पिवळ्या रंगाची ठिगळं दिसतात. शेतकरी अशा रोगाला सरसकट केवडा म्हणतात. विषाणूमुळे हे होतं, एवढं पूर्वीच माहीत होतं. बाईंचा प्रश्न पुढचा होता. पानाचा हिरवेपणा असतो तो पेशींमधल्या हरितलवकांत. उन्हाच्या जोरावर झाडाचं अन्न तयार होतं तेही तिथेच. विषाणू हा इतका लहान, त्याच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी प्रथिनं बोटांवर मोजण्याएवढी. मग एवढासा पाहुणा हरितलवकासारख्या भरल्या घरात नेमकं काय करतो? तिथल्या कोणत्या प्रथिनाला हात घालतो, की पान पिवळं पडावं?

मोठ्या शहरांतल्या संस्थांतही त्या काळी या प्रश्नावर मोजकेच लोक काम करत होते. बाईंनी तो रत्नागिरीत हाती घेतला. विभागात नळ्या गरगर फिरवून गाळ खाली बसवणारं एक जुनं अपकेंद्री यंत्र होतं, एक शीतकपाट होतं आणि वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. रोगट रोपं आणायला बाई स्वतः गावोगाव जात. एकदा बुरोंडीजवळच्या एका शेतात त्या वाकून वाकून पिवळी रोपं निवडत होत्या. शेताचा मालक बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "बाय, बरी झाडां सोडून ही रोगट कशाला नेताव? ती न्या ना, चांगली हायत." बाई म्हणाल्या, "चांगल्यांचं चांगलंच चाललंय हो. मला यांची चौकशी करायची आहे." त्याने हसून आणखी दोन रोपं मुळासकट उपटून दिली. परतताना बाईंच्या पिशवीत त्याच्याकडची भाजीची चवळीही होती.

बाईंची काम करण्याची रीत हा आमच्या विभागात चेष्टेचा विषय होता. निरोगी रोपांचं आणि रोगट रोपांचं सगळं वेगळं. खल वेगळा, कात्री वेगळी, गाळायचं फडकं वेगळं, अंगावर घालायचा पांढरा डगलाही वेगळा. रोगटाच्या प्रत्येक वस्तूवर लाल रंगाचा ठिपका. सकाळी आधी निरोगी पानांचं काम उरकायचं, मग हात धुऊन रोगटाकडे वळायचं. उलट क्रमाने कोणी केलं तर त्या दिवशीचं सगळं काम बाद. सहकारी याला 'फणसळकर बाईंचं सोवळं' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. "म्हणू देत," त्या म्हणत, "आमच्या सासूबाईंचं सोवळं मी बारा महिने पाळलं, त्यातलं काहीच कळलं नाही. हे निदान कळून पाळतेय." विज्ञानाच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच होतं. रोगट पानाचा एक थेंब निरोगी पानाच्या कामात पडला तर सगळीच फसगत.

पानांतून हरितलवकं अखंड बाहेर काढायची तर सगळं काम बर्फाच्या गारव्यात करावं लागतं. बर्फ करायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. बाई सकाळीच लुनावरून मिरकरवाड्याच्या बंदरावर जात आणि मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यातून लादीचा तुकडा घेऊन येत. तो गोणपाटात गुंडाळून पायांपाशी ठेवलेला असे. विभागात येईपर्यंत साडीचा काठ चिंब. बंदरावरची माणसं पहिल्यांदा विचारत, "आज कुठली मासळी म्हणायची, बाय?" पुढे पुढे ती त्यांचा बर्फ आधीच काढून ठेवू लागली. आम्ही तो बर्फ कपडे धुवायच्या मोगरीने फोडत असू.

निरोगी पानांच्या नळ्या ठेवायला थर्माकोलची एक पेटी होती. रोगटासाठी अर्थातच वेगळं भांडं हवं. ते बाईंनी घरून आणलं. बाईंचे यजमान, म्हणजे आमचे काका, हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आंब्याचं आइसक्रीम फार सुरेख करत. त्या पॉटची बाहेरची सागवानी बादली जाड फळ्यांची होती, बर्फ चांगला टिकवणारी. बाईंनी ती सोडा घालून धुतली, उन्हात वाळवली, तिच्यावर लाल ठिपका काढला. दरवर्षी मे महिन्यात मात्र ती काही दिवसांसाठी घरी जाई, कारण परीक्षा संपल्या की काका सगळ्या विभागाला आइसक्रीम खाऊ घालत. मग पुन्हा धुऊन ती प्रयोगशाळेत येई.

तीनेक वर्षांच्या कामातून आमच्या हाती एक गोष्ट लागली. हरितलवकांतली प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी केली की जेलवर, म्हणजे दोन काचांमध्ये थिजवलेल्या पातळ पारदर्शक थरावर, निळ्या पट्ट्यांची रांग उमटते. निरोगी पानांत ज्या ठिकाणी एक ठळक पट्टा दिसे, तिथे रोगट पानांत तो पुसट असे किंवा नसेच. हे प्रथिन पाण्याचं विघटन करून प्राणवायू सोडणाऱ्या यंत्रणेला बाहेरून चिकटून बसलेलं असतं. विषाणू त्यालाच हुसकून लावतो, असा आमचा निष्कर्ष होता. मे-जूनमध्ये पट्टा अगदीच नाहीसा व्हायचा आणि थंडीत थोडा दिसायचा. उकाड्यात विषाणूचा जोर वाढतो, असं आम्ही त्याचं स्पष्टीकरण दिलं. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण पूर्ण त्यावरच होतं. बाईंचा निबंध एका चांगल्या नियतकालिकाने स्वीकारला. दिल्लीच्या एका ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञांनी त्यांना अखिल भारतीय परिषदेत बोलायला बोलावलं. रत्नागिरीतून असं काम निघतं याचं सगळ्यांना कौतुक होतं, आणि आम्हालाही होतं.

माझा प्रबंध टंकून झाला. मार्गदर्शकाची सही झाली की तो विद्यापीठात जायचा. महाविद्यालयातली माझी शिकवण्याची नोकरी तोवर तात्पुरती होती, पदवी मिळाली तर कायम होणार होती, नाहीतर पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरं कोणी. घरी लग्नाचं बोलणं याच्यावरच थांबलेलं होतं. फक्त एका छायाचित्रात पट्टे नीट आले नव्हते. बाई म्हणाल्या, शेवटचं एकदा करून घेऊ आणि चांगलं छायाचित्र लावू. मे महिना होता. काकांचं आइसक्रीम नुकतंच होऊन गेलं होतं आणि बादली परत आली होती.

त्या सकाळी, धुवायला घरी नेलेली थर्माकोलची पेटी बाईंनी लुनाला मागे बांधून आणली होती. महाविद्यालयाच्या चढावर ती सुटली, पडली आणि फुटली. दुसरी पेटी नव्हती. उन्हं चढत होती, पानं कापलेली होती. पहिल्यांदाच बाईंनी सोवळं मोडलं. नळ्यांची तोंडं घट्ट बंद करून निरोगी आणि रोगट, दोन्ही त्यांनी त्या एकाच बादलीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी जेल रंगवून बघितलं. निरोगी पानांतही तो पट्टा नव्हता.

विभागातल्या एका ज्येष्ठांनी लगेच सांगून टाकलं, की गडबडीत नळ्यांची अदलाबदल झाली असणार. जुनंच छायाचित्र लावा आणि प्रबंध देऊन टाका. मला ते पटलं होतं. बाईंनी मात्र जेल उजेडापुढे धरून पुन्हा एकेक पट्टा पाहिला. मग म्हणाल्या, "अदलाबदल झाली असती तर एकात दिसला असता, एकात नसता. इथे दोन्हींत नाही. मग अदलाबदल कशी?"

पुढच्या सकाळी त्यांनी फक्त निरोगी पानं घ्यायला सांगितली. त्यातून निघालेली हरितलवकं दोन भागांत वाटली. एक भाग घरच्या स्टीलच्या डब्यात बर्फ घालून ठेवला, एक बादलीत. डब्यातल्या भागात पट्टा ठळक आला. बादलीतल्या भागात नाहीसा झाला. पानं एकाच रोपाची होती आणि विषाणूचा तिथे संबंधच नव्हता. बाई उठल्या, बादलीत साठलेल्या पाण्यात त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग बादली माझ्यापुढे केली. "बघ."

पाणी खारट होतं.

आइसक्रीमच्या पॉटभोवती बर्फात खडे मीठ घालतात. त्याने गारवा शून्याच्याही खाली जातो, म्हणून तर आइसक्रीम गोठतं. वर्षानुवर्षांचं ते मीठ सागाच्या फळ्यांत आणि तळाच्या फटींत मुरलं होतं. वरवरच्या धुण्याने ते जात नव्हतं आणि दर मे महिन्यात त्यात भर पडत होती. त्या बादलीत नळीतली हरितलवकं कडेकडेने गोठत, मग फुटत, आणि बाहेरून चिकटलेलं ते प्रथिन सुटून धुण्यात वाहून जाई. मे-जूनमध्ये पट्टा का नाहीसा होई आणि थंडीत का दिसे, हेही त्यात आलं. बादली मे महिन्यात ताजी खारट होई आणि पुढे वापराने हळूहळू फिकी पडे. माझ्या चौथ्या प्रकरणाचा सगळा उकाडा त्या बादलीत होता. आणि रोगट नळ्या तीन वर्षं त्याच बादलीत होत्या, कारण आम्ही सोवळं फार काटेकोर पाळलं होतं.

खात्री करायची म्हणून बाईंनी रोगट पानांची हरितलवकं स्टीलच्या डब्यात ठेवून जेल केलं. पट्टा आला, निरोगी पानांइतकाच ठळक.

त्या दिवशी बाईंनी परिषदेच्या संयोजकांना फोन केला आणि आपलं भाषण रद्द करायला सांगितलं. नियतकालिकाला कळवून निबंध मागे घेतला. पण त्याआधी मला बोलावून त्या म्हणाल्या, "वंदना, मी या प्रबंधावर सही करणार नाही."

मी विचारलं, "बाई, तुम्ही, मी आणि ही बादली सोडून हे कोणाला ठाऊक आहे?"

"तिघं पुरे झाले की," बाई म्हणाल्या.

आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. मी घरी गेले आणि दोन दिवस रत्नागिरीला आलेच नाही. माझे वडील आयुष्यभर बोटींवर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी तिसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घातला आणि माझ्याबरोबर रत्नागिरीला आले. बाईंसमोर बसून म्हणाले, "माज्या पोरीचा काय चुकला, ता सांगा."

"तिचं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं." त्यांनी वडिलांना दोन्ही जेल दाखवली आणि बादलीची सगळी हकिगत सांगितली.

वडील म्हणाले, "ह्यातला मला काय कळत नाय. पन तिचा वय वाढताय. नोकरी पन जाईल. सही केलात तर कोनाचा काय जाताय?"

"आज कोणाचं काही जाणार नाही," बाई म्हणाल्या. "पण कधीतरी कुणीतरी हाच प्रयोग चांगल्या बर्फात करून बघेल. तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसलेली असेन, आणि हिचं सगळं आयुष्य पुढे असेल. त्या वेळी हिने कोणाला तोंड दाखवायचं?"

वडिलांनी दोन्ही जेल पुन्हा एकदा निरखून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "किती दिस लागतील?"

"ते मला सांगता येत नाही. खोटं कशाला सांगू?"

"मग असा करा," वडील म्हणाले, "यस्टीनं येऊन-जाऊन दमताय ती. तिची ऱ्हायाची सोय तेवडी बगा."

"माझ्याकडे राहील," बाई म्हणाल्या. त्यांनी काकांना विचारलंही नव्हतं. संध्याकाळी काकांना सगळी हकिगत कळली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे माझ्या आइसक्रीमने विषाणूची बदनामी केली म्हणायची." आणि त्यांनी माझ्यासाठी माडीवरची खोली झाडून घेतली.

त्या घरात मी पुढची दोनेक वर्षं राहिले. बाईंच्या चांगुलपणाचे दाखले द्यायचे तर तिथले पुष्कळ देता येतील. मला जेवणात मासे लागतात हे ओळखून काका शेजारच्या, मासेमारी करणाऱ्या खारव्यांच्या घरी माझी दर बुधवारची सोय करून आले होते. बाईंच्या घरात मासे शिजत नसत आणि मी मागितले असते तरी शिजले नसते, पण माझं ताट कुठे वाढलं जाईल याची व्यवस्था बाईंनीच काकांकरवी लावली होती. माझी तात्पुरती नोकरी गेली. तेव्हा बाईंनी आपल्या वर्गातल्या प्रात्यक्षिकांसाठी मदतनीस हवी असा अर्ज केला, तो मंजूर होईपर्यंत दर आठवड्याला कार्यालयात जाऊन बसल्या आणि तिथल्या लेखनिकांना अगदी नकोसं करून सोडलं. मला ताप आला तर त्या रात्रभर उशाशी बसल्या असं मी लिहिणार नाही, कारण त्या बसल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, औषध दिलं आणि सकाळी विचारलं, "आज रोपांना पाणी कोण घालणार?"

बाईंचं सगळं गोड गोड लिहिलं तर त्याच हा लेख परत पाठवतील. त्या हट्टी आहेत. त्यांना कौतुक केलेलं ऐकता येत नाही, मध्येच उठून जातात. विद्यार्थ्याने एखादी गोष्ट 'साधारण' अमुक इतकी म्हटली की त्यांचा पारा चढतो. मीही त्यांच्या कडक शब्दांनी अनेकदा रडले आहे. निबंध मागे घेतल्यावर गावात आणि विद्यापीठात बोलणारे बोलले, की बाईंचं एकच तर संशोधन होतं, तेही आइसक्रीमच्या बादलीत गेलं. ते बाईंच्या कानावर आलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ आणायला गेल्याच.

नव्याने सुरू केलेल्या कामात प्रश्न तोच होता, पण आता आम्ही उलटं विचारलं. हरितलवकातलं काय नाहीसं होतं हे बघण्याऐवजी, विषाणूचं काय तिथे येतं हे बघायचं. विषाणूभोवती प्रथिनाचं कवच असतं. ते कवच-प्रथिन रोगट पानांच्या हरितलवकांबरोबर नेहमी सापडे. पण ते आत शिरलेलं असतं, की बाहेर दाराशी नुसतं चिकटून राहतं? ते कळायला आम्ही अखंड हरितलवकांवर बाहेरची प्रथिनं पचवणारं एक विकर सोडलं. बाहेरचं असेल ते पचून जाईल, आतलं वाचेल. बहुतेक सगळं कवच-प्रथिन पचून गेलं. फार थोडं वाचलं, पण दर वेळी वाचलं. नळ्या निरनिराळ्या भांड्यांत फिरवल्या तरी वाचलं. कोणती नळी रोगट हे मला माहीत नसताना केलं तरी वाचलं. म्हणजे विषाणूचं प्रथिन हरितलवकाच्या आत पोहोचतं, थोडंच पण पोहोचतं. तिथे जाऊन ते कोणत्या प्रथिनाशी संबंध जोडतं, ते आम्हाला कळलं नाही. पान त्यामुळेच पिवळं पडतं का, हेही सांगता आलं नाही. पहिल्या निष्कर्षाच्या मानाने हे फारच लहान होतं. बाईंनी त्या प्रबंधावर सही केली.

मौखिक परीक्षा विद्यापीठात झाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे दिल्लीचे तेच ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञ होते, ज्यांनी बाईंना परिषदेला बोलावलं होतं. सभागृहात विद्यार्थी होते, प्राध्यापक होते. माझे वडीलही मागच्या रांगेत येऊन बसले होते. अशा परीक्षेत मार्गदर्शकाने गप्प बसायचं असतं. माझं सांगून झालं. दोन-चार प्रश्न झाले. मग परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या विभागाने याआधी एक वेगळाच निष्कर्ष काढला होता आणि नंतर तो मागे घेतला. त्यात चूक कोणाची होती?"

मी सुरुवात केली, "आमच्या प्रयोगशाळेत एक अडचण…"

बाई उभ्या राहिल्या. "प्रश्न हिला आहे, पण उत्तर माझं आहे," त्या म्हणाल्या. "मी बोलू का?" परीक्षकांनी मान हलवली. बाईंनी आइसक्रीमच्या पॉटपासून खारट पाण्यापर्यंत सगळं सांगितलं. स्वतःच्या सोवळ्याची गोष्टही त्यांनी वगळली नाही. सभागृहात थोडं हसणं झालं. बाई हसल्या नाहीत. "भांडं मी आणलं. कोणत्या नळ्या त्यात ठेवायच्या तो नियम माझा. माझी विद्यार्थिनी तो नियम पाळत होती, कारण मी तिला तसं शिकवलं होतं."

परीक्षकांनी विचारलं, "आणि ती पेटी फुटली नसती तर?"

"तर आपण हिला तेव्हाच पदवी दिली असतीत," बाई म्हणाल्या, "आणि ती चुकीची होती हे इथे कोणालाही कळलं नसतं. मलासुद्धा."

मग त्या खाली बसल्या. परीक्षकांनी मला पुढचा प्रश्न विचारला. परीक्षा संपल्यावर ते बाईंजवळ गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "विचारत होते, परतीची गाडी किती वाजता आहे." हे खरं असेल यावर माझा विश्वास नाही. वडिलांनी मात्र बाहेर आल्यावर बाईंना नमस्कार केला. वयाने ते मोठे, बाई संकोचून मागे सरकल्या. "बाय," वडील म्हणाले, "आमी उगाच येऊन भांडलो तवा." बाई म्हणाल्या, "भांडायलाच हवं होतं. बाप आहात."

माझी नोकरी पुढे कायम झाली, लग्नही झालं. आज मी बाईंच्याच विभागात शिकवते. आम्हाला न कळलेला प्रश्न, म्हणजे आत शिरलेलं ते कवच-प्रथिन तिथे कोणाशी संबंध जोडतं, त्यावर आता आमच्याकडे काम चालू आहे. साधनं पूर्वीपेक्षा खूपच बरी आहेत. बर्फ विभागातच होतो. बाई अधूनमधून येतात, दाराशी हात धुतात आणि काही न विचारता सगळी भांडी तपासून जातात. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज शाळा-महाविद्यालयांत आहेत, कृषी खात्यात आहेत, काही परदेशात आहेत. यातली बहुतेक बाईंचं नाव आदराने घेतात. जी घेत नाहीत, त्यांच्याही प्रयोगांत निरोगी आणि रोगट, दोन्ही बाजूंच्या नळ्या एकाच भांड्यात असतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

बाईंना साठ वर्षं पूर्ण झाली, नोकरीतून त्या मोकळ्या झाल्या, याचा आनंद त्यांच्या घरच्यांना असणार. मला त्यांच्यासाठी विश्रांती मागवत नाही. माझ्या हाताखालच्या एका मुलीचा प्रबंध आता तयार होत आला आहे. तिला हवं होतं ते प्रथिन सापडलं आहे. छायाचित्रं सुंदर आली आहेत, निष्कर्ष इतके नेटके आहेत की परीक्षकांना विचारायला काही उरणार नाही. तिला सहीची घाई आहे, घरची माणसं वाट बघत आहेत, आणि तिचे वडील मला दोनदा भेटून गेले आहेत. मी अजून सही केलेली नाही. पुढच्या महिन्यात तिला आणि तिच्या सगळ्या जेलना घेऊन मी बाईंकडे जाणार आहे. बाईंचे डोळे तोवर असेच तीक्ष्ण राहोत, गुडघ्यांनी त्यांना त्रास देऊ नये, आणि त्यापुढेही खूप खूप वर्षं त्या आमच्यात धडधाकट असाव्यात. आमचं काम बघून 'छान' म्हणणारी माणसं आता पुष्कळ झाली आहेत. 'थांब' म्हणणाऱ्या मात्र अजून बाईच आहेत.